डोळे मिटून पाहिलेलं घर

आमचे बोंद्रे बांधकाम डोळे मिटून तपासतात. मी अलंकारिक बोलत नाहीये. चपला दाराबाहेर, हात पाठीमागे, सदऱ्याच्या खिशात लाल खडू आणि डोळे गच्च मिटलेले, अशा अवस्थेत हा गृहस्थ अर्धवट घरातून चालायला लागतो. मागून ठेकेदार, त्याच्या मागून गवंडी आणि सगळ्यात शेवटी चहाचा कप सांभाळत मी. मध्येच ही वरात थांबते. बोंद्रे पायाचा अंगठा जमिनीवर घासून बघतात, खाली बसतात आणि डोळे न उघडताच तिथे लाल गोल काढून म्हणतात, "एनजी!"

एनजी म्हणजे 'नॉट गुड'. कारखान्यातला शब्द. भोसरीच्या ज्या कंपनीत आम्ही दोघांनी नोकरी काढली, तिथे बोंद्रे क्वालिटीत होते आणि मी डिस्पॅचमध्ये. म्हणजे माल ट्रकात चढवायची घाई मला आणि तो परत उतरवायची घाई त्यांना. भरलेल्या ट्रकपुढे हा माणूस हात पसरून उभा राहिलेला मी पाहिला आहे. "काळे, ह्या गिअरच्या कडेला धार राहिलीय. एनजी!" एवढं म्हणून ते माझा अख्खा दिवस वाया घालवायचे. 'एनजी बोंद्रे' हे नाव त्यांना आमच्याच खात्याने दिलं. त्यात माझा वाटा मोठा होता आणि त्याचा मला अजून अभिमान आहे.

निवृत्तीनंतर दिघीला एकाच सोसायटीत राहायला आलो आणि भांडायला दुसरं कुणी उरलं नाही म्हणून आमची मैत्री झाली. नोकरी सुटली, खोड सुटली नाही. गणपतीत सोसायटीचे मोदक आले की वाकड्या कळ्यांचे मोदक हे बाजूला काढतात, 'रिजेक्ट' म्हणतात आणि स्वतःच खातात. गाडी त्यांनी कधी घेतलीच नाही, कारण शोरूममधल्या प्रत्येक गाडीच्या दारात त्यांना फट दिसली. त्यामुळे मोशी आणि चाकणच्या चौकात कंटेनरांच्या रांगेत अडकत, त्यांना गावाकडच्या घरी न्यायची ड्यूटी माझ्याकडे आली.

हे घर बोंद्र्यांच्या पत्नीच्या, म्हणजे शालिनीवहिनींच्या माहेरचं. भावांनी शेताच्या कडेचा तुकडा बहिणीला दिला. त्यावर दोन खोल्या, पुढे लांब ओटा, वर पत्रा. बरीच वर्षं बंद होतं. यंदा वहिनींनी मनावर घेतलं, की फ्लॅट पुरे झाला, दसऱ्याला तिकडे राहायला जायचं. बोंद्र्यांनी वहिनींना कधी नाही म्हटलेलं मला आठवत नाही. "आमच्या लग्नात तपासणीचं काम माझ्याकडे होतं, म्हणून ते पार पडलं," असं वहिनी सगळ्यांना सांगतात.

आता चाकणच्या पट्ट्यात घराच्या डागडुजीला ठेकेदार मिळणं म्हणजे काय, हे ज्याने शोधलाय त्यालाच कळेल. प्रत्येकाला कंपनीची शेड आणि गोडाऊन बांधायचंय. दोन खोल्यांसाठी येतो कोण? आणि आलाच, तर त्याची गाठ बोंद्र्यांशी.

पहिला ठेकेदार भोसरीचा. त्याने हौसेने चकचकीत फरशी बसवली. बोंद्रे तिच्यावरून डोळे मिटून चालले. "एनजी. गुळगुळीत आहे."

"सायेब, डोळं उघडून तरी बघा. आरशावानी हाय."

"आरसा भिंतीवर लावतात. आणि डोळ्याचं मला सांगू नका. डोळा लबाड आहे, चकाकी दिसली की भुलतो. पायाला विचारा."

तो जो गेला, तो थापी आणि घमेलं तिथेच टाकून गेला. फोन केला की त्याच्या घरातलं कुणीतरी आजारी असायचं. अख्खं खानदान आजारी पडून झालं तेव्हा आम्ही फोन करणं सोडलं.

दुसऱ्याशी भांडण उंबऱ्यावरून झालं. बोंद्र्यांना एकाही दाराला उंबरा नको होता. गवंड्याने काम थांबवलं. "बिनउंबऱ्याचं घर आमी बांदत न्हाई. लक्षुमी कुठनं आत यायची?"

"तिला ठेच लागायला नको, म्हणूनच सांगतोय," बोंद्रे म्हणाले.

मी मोठ्याने हसलो. गवंडी हसला नाही. दुपारपर्यंत त्याची माणसं टेम्पोत बसून निघून गेली आणि गावात बातमी पसरली, की दिघीचा सायेब लक्ष्मीला घरात येऊ देत नाही.

तिसरे बबनशेठ. वहिनींच्या भावांचे दोस्त, जुन्या शेतकरी घरातले. एमआयडीसीत जमीन गेल्यापासून ठेकेदारी करतात. पांढरा शर्ट, कपाळाला अष्टगंध, बोलणं मधाळ. "दाजी, तुमी आमच्या बहिनीचं मालक. तुमी म्हनाल तसं," असं म्हणून त्यांनी उंबऱ्याचा तिढा सोडवला. सागवानी पट्टी जमिनीत अशी बसवली, की हळदकुंकू वाहायला उंबरा आहे आणि पायाला नाही. बोंद्रे त्यावरून तीनदा चालले आणि गप्प राहिले. त्यांचं गप्प राहणं हे मोठं सर्टिफिकेट असतं, हे मी बबनशेठना समजावलं.

पण मग मागण्या वाढत गेल्या. दिव्याचं बटण प्रत्येक दाराच्या उजव्या हाताला, एकाच उंचीवर. स्वयंपाकघरापासून न्हाणीपर्यंत भिंतीला लोखंडी पाइप, धरायला. "ही काय एसटीची रांग हाय व्हय?" बबनशेठनी मला बाजूला घेऊन विचारलं. मी काय सांगणार? कंपनीतसुद्धा बोंद्रे डोळे उघडे ठेवून तपासायचे. हे मिटून चालायचं खूळ नवीन होतं आणि ते वयाबरोबर आलं असावं अशी मी माझी समजूत करून घेतली होती.

खरं घोडं अडलं ते ओट्याच्या टोकाला. तिथे पायरी फोडून बोंद्र्यांनी अंगणात उतरायला उतार करून घेतला होता. उतरलं की समोर तुळस. पण ओटा कुठे संपतो आणि उतार कुठे सुरू होतो, हे पायाला कळलं पाहिजे असा त्यांचा हट्ट. बबनशेठनी तिथे दगडाची पट्टी बसवली. बोंद्रे डोळे मिटून गेले आणि अडखळले. एनजी. पट्टी काढून कोब्यात रेघा ओढल्या. रेघा पायाला लागेचनात. एनजी. तोवर दसरा तोंडावर आला. सामान बांधून ठेवलेलं, वहिनींनी भावजयांना जेवायची आमंत्रणं दिलेली.

बबनशेठचा मध संपला. "काळेसायेब, नीट ऐका. गोडाऊनचं काम माझ्यासाठी थांबलंय. मी शेवटचा कोबा करून देतो, साधा, सपाट. ह्या बारीला त्यो खडू खिशातनं भाईर आला, तर माझी मानसं उचलतो. दाजींनी मग दसरा दिघीतच करावा."

मला बबनशेठची बाजू शंभर टक्के पटत होती. डिस्पॅचचा माणूस मी. पण बबनशेठ गेले तर चौथा येणार नाही, हेही कळत होतं. त्या रात्री मी बोंद्र्यांना फोन करून विनवलं, की उद्या वहिनी सोबत आहेत, जे असेल ते पास करा. ते म्हणाले, "काळे, तुम्ही आयुष्यभर हेच म्हणत आलात."

सकाळी आम्ही पोहोचलो तर बबनशेठ अंगणात घाम पुसत उभे. टोकाचा कोबा ओला असताना गावातलं खंड्या नावाचं कुत्रं ओट्यावरून चालत गेलं होतं. इकडे तिकडे नाही, बरोबर ओट्याच्या टोकाला, उतार सुरू होतो तिथे ते बहुधा घुटमळलं होतं आणि मग खाली उतरलं होतं. त्या हातभर जागेत त्याच्या पंजांचे खोल, स्वच्छ ठसे उमटून वाळले होते. बाकी कोबा देखणा झाला होता.

बबनशेठनी माणसांना टेम्पोत हत्यारं भरायला आधीच सांगितलं होतं.

बोंद्र्यांनी चपला काढल्या, हात मागे बांधले, डोळे मिटले. वहिनी गाडीपाशी उभ्या राहून बघत होत्या. बोंद्रे ओट्यावरून टोकाकडे गेले. त्यांचा पाय ठशांवर पडला आणि ते थांबले. अंगठा एका पंजात शिरला, बाहेर आला, दुसऱ्या पंजात शिरला. मग ते मागे गेले आणि पुन्हा तेवढंच अंतर चालत आले. पुन्हा तिथेच थांबले. खिशाकडे हात गेला तसे बबनशेठ म्हणाले, "दाजी, कुत्र्याचं काम हाय. घासून काढतो, एका तासात."

"खबरदार!" बोंद्रे केवढ्याने ओरडले! डोळे उघडून त्यांनी बबनशेठचे दोन्ही हात धरले. "कुणी हात लावायचा नाही ह्याला. ओके! बबनशेठ, हे ओके आहे! फर्स्ट क्लास आहे!"

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून 'फर्स्ट क्लास' मी ऐकलं नव्हतं. बबनशेठना तर दाजींच्या डोक्यावर परिणाम झाला असंच वाटलं. ते माझ्याकडे बघायला लागले आणि मी वहिनींकडे.

वहिनी हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. "भाऊजी, आता सांगूनच टाकते," त्या म्हणाल्या. "मला काचबिंदू आहे. बाजूचं दिसेनासं झालंय. थेंब घालतेय, पण आहे ती नजर कुठवर टिकेल हे डॉक्टरही सांगत नाहीत. कुणाला कळता कामा नये ही माझी अट होती. लोक बिचारी म्हणायला लागतात, ते मला चालत नाही. यांनी ती अट पाळली. पण बघा कशी पाळली! साऱ्या गावादेखत डोळे मिटून फिरले आणि खुळे म्हणवून घेतलं."

गुळगुळीत फरशी, उंबरा, बटणं, पाइप, सगळं एका क्षणात डोळ्यांपुढून गेलं. इतकी वर्षं ज्याच्या नावाने मी बोटं मोडली, त्या माणसावर त्या वेळी माझं इतकं प्रेम दाटून आलं, की मी त्याला सरळ मिठी मारली. बोंद्र्यांनी ती एनजी ठरवली नाही. बबनशेठनी टेम्पोकडे बघून हाक दिली, "ए, उतरवा रे हत्यारं! ताईच्या न्हानीचा नळ बसवायचा राहिलाय."

दसऱ्याला आम्ही सगळे तिथेच जेवलो. भावजयांनी पुरणपोळ्या केल्या. खंड्याला पहिली पोळी मिळाली, तीही बोंद्र्यांच्या हातून आणि न तपासता. एकमेकांना सोनं देऊन झालं. दिवेलागणीला वहिनी दिवा घेऊन स्वयंपाकघरातून निघाल्या.

"मला बघू दे जमतं का," असं म्हणून त्यांनी डोळे मिटले. भावजया "अगंबाई" करून पुढे झाल्या, त्यांना बोंद्र्यांनी हातानेच थांबवलं. वहिनी ओट्यावरून चालत टोकाशी आल्या. पायाला पंजे लागले तशा थांबल्या आणि जरा हसल्या. मग उतारावरून खाली उतरून तुळशीपुढे गेल्या. ज्योत हललीसुद्धा नाही.

त्यांच्या मागून, एक पाऊल अंतर ठेवून, दोन्ही हात पुढे पसरून बोंद्रे चालत होते. हात वहिनींना लागत नव्हते. आणि त्या घरातल्या तपासणीत पहिल्यांदाच त्यांचे डोळे टक्क उघडे होते.