दामूकाका आन वरची दाढ

घरात नवीन टूथपेस्ट आली का आमच्या शेजारचे दामूकाका पहिले ते मांजरीले हुंगवते. मांजर शिंकली तं ट्यूब दुकानात वापस. पुसदमधले अर्धे दुकानदार त्या मांजरीले वळखते.

"यात काहीतरी कालवेल असते," काका डोळे बारीक करून म्हणते. काय, ते नाई सांगत. ते बारीक डोळे मी हुबेहूब करतो. गल्लीतले पोट्टे मागंच लागते, "दादा, दामूकाका करून दाखव नं."

सारा संशय नातीपाई. परी, सहा वर्साची. शाळेत दात तपासाले डॉक्टरीन आलती. तिनं सांगतलं, वरची दाढ किडली, दवाखान्यात आणा.

"दुधाची दाढ हाये, आपोआप पडन," काका म्हणे. "त्या डॉक्टरनीले कायची घाई? लेकरायचे दात कुठंतरी इकत असन."

लवंगाच्या तेलाचा बोळा ठेवून झाला. एका सकाळी परीचा गाल पुरीवानी फुगला, जेवण बंद. काकाची सून म्हणे, "मामाजी, आता तरी नेऊ द्या."

तवा काका खरं बोलले. "वरचा दात काढला का डोळा जाते. नस एकच असते."

मी म्हटलं, "कोनाचा गेला, काका?"

"ज्याचा गेला तो सांगत फिरन का?"

शेवटी मीच आजा-नातीले गाडीवर बसवून त्याच डॉक्टरनीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरनीनं परीचं तोंड पाह्यलं. "पू झाला आहे, दाढ काढावी लागेल."

"काढलेले दात तुम्ही ठेवता कुठं?" काकानं इचारलं. मंग परीले माह्या मांडीवर देऊन सोताच खुर्चीत बसले. "पहिले माही काढा. वरचीच. हलूनच राह्यली."

डॉक्टरीन माह्याकडं पाहे, मी छताकडं. तिनं तपासलं, बीपी पाह्यला, इंजेक्शन देल्लं, दाढ काढली.

तोंडात कापूस धरून काका भायेर पायरीवर जाऊन बसले. एक डोळा हातानं झाकला, समोरच्या शिलाई मशीनच्या दुकानाची पाटी वाचली. "हिलाई महीन दुहुत्ती." मंग दुसरा झाकला, पुन्हा तेच. उमरखेडची एसटी गेली, तिचीबी पाटी वाचली. मले समोर बोटं धराले लावले, ते मोजले. मले हसू येऊन राह्यलं होतं.

बराच वेळ तसेच बसले. मंग दारातून मुंडकं आत घातलं. "घ्या आता पोट्टीले."

परी आत गेली. मी हळूच इचारलं, "काका, खरंच डोळा गेला असता तं?"

काकानं गालातला कापूस सरकवला.

"मंग तिले वापस नेलं असतं."