निळ्या सळया

गच्चीवरच्या सळयांना सावळीराम दर एप्रिलला निळा ऑइलपेंट द्यायचा. जयंतीला घराला चुना लागायचा, दाराला रंग लागायचा आणि डब्यात उरलेल्या रंगात चार खांबांच्या डोक्यावरच्या सळया न्हाऊन निघायच्या. नाशिक रोडच्या त्या कॉलनीत सगळ्यांच्याच गच्च्यांवर सळया सोडलेल्या. पोरगा कमावता होईल, वर मजला चढवील, ही प्रत्येकाची आशा. बाकीच्यांच्या सळया गंजल्या, सावळीरामच्या तेवढ्या चकाकत होत्या.

मूळ भुणभुण चांगुणाची. ती सळयांना दोरी बांधून धुणं वाळत घालायची आणि लुगड्याला गंजाचा डाग पडला की सळया सोडणाऱ्या नवऱ्याचा उद्धार करायची. म्हणून रंग.

मजल्याची हौस मात्र त्याची. दिंडोरीकडच्या त्याच्या गावात बांधकामाचा नियम एकच होता आणि तो कुठल्या पुस्तकात नव्हता: गावकुसाबाहेरच्या यांच्या वस्तीत माडी चढता कामा नये. बापाने एकदा भिंत हातभर उंच नेली, तर गावची माणसं येऊन ती उतरवून गेली. विटा खाली उभं राहून बापालाच झेलायला लावल्या. तेव्हापासून सावळीरामच्या डोक्यात एक मजला उभा होता. तो पोराने, जयरामने बांधायचा होता.

जयराम भुसावळला रेल्वेत. त्र्याऐंशीच्या दिवाळीच्या सुट्टीत आला तेव्हा सळयांकडे बघून "मेमध्ये बघू, आबा" एवढंच म्हणाला. सावळीरामने त्याचा पक्का होकार करून टाकला आणि मेच्या तोंडावर नकाशासाठी कुलथे इंजिनियरांना गच्चीवर आणलं.

कुलथ्यांनी स्कूटरच्या किल्लीने सळई खरवडली. "हे काय?"

"रंग, साहेब. दर वर्षी दोन हात देतो. गंजाचा कण नाय."

"थोडा गंज चालला असता. रंग नाही चालत. रंग लागला की सळईला काँक्रीट धरत नाही. कोडमध्येच आहे तसं."

कोड म्हणजे बांधकामाच्या नियमांचं पुस्तक. इंग्रजीत. ते कपाटात राहतं आणि गच्च्या बांधणारी माणसं उन्हात राहतात. या दोघांची गाठ घालून द्यावी असं कुणाच्या बापाला वाटलेलं नाही. इतकी वर्षं येणारा-जाणारा त्या सळयांचं कौतुक करून गेला, त्यात दोन ओव्हरसियरही होते.

रंग काढा म्हणून साहेब निघून गेले. कसा काढायचा ते सांगायला त्यांना सवड नव्हती. केरू मिस्त्री म्हणाला, घासत कोण बसतंय, जाळून टाकू. त्याने कुठूनसा ब्लो लॅम्प आणला. रंग फुगला, पेटला, काळा धूर दोरीवरच्या लुगड्यांतून आरपार गेला. चांगुणा म्हणाली, यापेक्षा गंज परवडला. शेजारच्या भिकनला वाटलं घर पेटलं. तो बादली घेऊन जिना चढला, लाल झालेल्या सळयांवर ती ओतून मोकळा झाला आणि वर "वहिनी, आता चहा ठेवा" म्हणाला.

कुलथे पुन्हा आले आणि कपाळाला हात लावून उभे राहिले. पिळाची सळई तापवली, वर पाणी मारलं, हिची ताकद गेली. आता खांबांची डोकी फोडा, आतली चांगली सळई मोकळी करा, तिला नवी जोडा.

केरूने छिन्नी लावली. चांगली सळई काही लागेना. रंग वरून होता. बुडाशी पाणी मुरून लोखंड पापुद्र्यांनी सुटत होतं. केरू आणखी खाली गेला. मग आणखी. शेवटी मधल्या खोलीच्या छताचा गिलावा पलंगावर येऊन पडला, आणि नेमका त्याच वेळी पिशवी घेऊन जयराम दारात उभा राहिला.

सगळं ऐकून त्याने पिशवी खाली ठेवली.

"आबा, मी भुसावळला प्लॉट घेतलाय. तेच सांगायला आलो."

"तू बघू म्हणाला होतास."

"बघूच म्हणालो होतो." तो छताकडे बघत राहिला. "त्या सळया कापून टाका. पाणी मुरतंय."

सावळीराम पलंगावरचा गिलावा वेचू लागला. वेचता वेचता त्याने विचारलं, "घर बांधशील तेव्हा वर सळया सोडशील ना?"

"सोडतातच सगळे."

"रंग देऊ नको."

दुसऱ्या दिवशी केरू करवत घेऊन आला. चांगुणाने जन्मभर त्या सळयांना शिव्या घातल्या होत्या. तीच वर जाऊन समोरासमोरच्या दोन खांबांमध्ये फतकल मारून बसली. या दोन खांबांच्या राहू दे, म्हणाली, नायतर दोरी कुठं बांधू? जयरामने बांबू आणून देतो म्हटलं. बांबू नको, म्हणाली. जयराम दुपारच्या गाडीने गेला. दोन खांब बोडके झाले, दोन राहिले.

पुढच्या एप्रिलला दाराला रंग देऊन झाला आणि सावळीराम डब्याचं झाकण ठोकून बसवू लागला. चांगुणाने त्याचा हात धरला आणि जिन्याकडे बोट केलं.

"रंग दिला की काँक्रीट धरत नाय," तो म्हणाला.

"लुगड्याला डाग तर पडत नाय," ती म्हणाली. "चला वर."