ढगे सरांचं बंद दार

चिकलठाण्याच्या एमआयडीसीत मे महिन्यात माणसं ओला रुमाल डोक्यावर टाकून फिरतात, आणि ढगे सर लोकरीचा स्वेटर आणि कानटोपी घालून. आमच्या औषध कंपनीत नवा आलेला प्रत्येक जण मला हळूच विचारतो, "त्यांना काही आजार आहे का?" मी सांगतो, आहे. त्याला आयसोथर्म म्हणतात.

मी कागदपत्रांच्या विभागातला माणूस. मला सरांनी ते एकदा समजावून सांगितलं. पेनाएवढी स्टीलची नळी असते, तिला कॉलम म्हणायचं. आत पांढरी पूड ठासून भरलेली. तिच्यातून औषधाचं द्रावण सोडायचं. सुरुवातीला औषध बाहेरच येत नाही, पूड ते धरून ठेवते. पूड भरली की ते बाहेर पडू लागतं, मशीनच्या पडद्यावरची रेघ चढते आणि सपाट होते. मग जरा कडक द्रावण. पुन्हा वाट बघा, पुन्हा पायरी. प्रत्येक पायरीला पुडीनं किती धरलं ते काढायचं आणि ते बिंदू जोडायचे. झाली वक्ररेषा, तीच आयसोथर्म.

"लासूरच्या मोंढ्यातलं गोदाम बघितलंय का, पाटील?" सर म्हणाले. "पहिली पोती कुठंबी टाका, जागाच जागा. नंतर हमाल जागा हुडकत फिरतो. आपण किती पोती बसली ते मोजायचं. पण मोजताना गोदाम बदललं नाय पाहिजे."

गोदाम बदलतं ते तापमानानं. ऊब वाढली की पुडीची पकड ढिली होते, आणि सकाळचा बिंदू एका रेषेवर, दुपारचा दुसऱ्याच. म्हणून सरांच्या प्रयोगशाळेची खोली वीस अंशांवर आणि दार बंद. मशीनमध्ये कॉलमपुरता तापमान राखणारा कप्पा आहे, पण सरांचं समाधान नाही. "आणि द्रावणाच्या बाटल्या कुठं असत्यात? खोलीतच ना?" स्वेटर बाहेरही का, तर काढ-घाल केली की त्यांचं स्वतःचं तापमान हलतं.

एसीवाला सलीमभाई तर कंटाळून गेला होता. "सर, एसी बराबर है. तुम काइकू शक करते?"

"शक नाय. खात्री."

पडद्यावरची रेघ सपाट झाल्याशिवाय पुढची पायरी घ्यायची नाही, म्हणून सरांचा एक शब्द ठरलेला: "बसू द्या." मशीन असो, कँटीनमधलं भांडण असो, भावाभावांतली वाटणी असो, बसू द्या. त्यांच्या लग्नाची बोलणी आली तेव्हाही ते हेच म्हणाले, असं ऐकतो. मुलीकडचे बराच वेळ बसले, मग उठून गेले.

सफाईच्या रुक्मिणबाईंशी मात्र उभं वैर.

"बाई, दार!"

"दार नाय उघडलं तर झाडू काय फटीतून घालू?"

"आज झाडायचं नाय."

"कालबी नाय म्हणलात. आत काय बाळंतीण हाय व्हय?"

गेल्याच्या गेल्या उन्हाळ्यात एका औषधातून त्याच्याच जुळ्या भावासारखा दिसणारा नको तो पदार्थ वेगळा काढायचा होता. त्यासाठी मोठा कॉलम आणला होता. त्यात एका वेळी किती माल सोडायचा ते सरांच्या वक्ररेषेवर ठरणार होतं. जास्त सोडला तर दोन्ही मिसळून बाहेर येणार. डायरेक्टर दुसऱ्या दिवशी पुण्याहून येणार होते आणि सर शेवटच्या पायऱ्यांवर होते.

दुपारी कॉरिडॉरमध्ये धप्प आवाज झाला. मी धावलो. गच्ची धुऊन आलेल्या रुक्मिणबाई भिंतीशी पडल्या होत्या. अंग तव्यासारखं तापलेलं, घामाचा टिपूस नाही, आणि काहीतरी बरळत होत्या. कुणी कांदा आणायला पळालं, कुणी डॉक्टरचा नंबर शोधू लागलं.

तेवढ्यात दार उघडलं. सर म्हणाले, "आत घ्या."

कुणी हललं नाही. हे शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकलेच नव्हते.

"आत घ्या म्हणतो ना!"

त्यांनी एसी जाईल तितका खाली आणला. अंगातला स्वेटर काढून नळाखाली भिजवला आणि बाईंच्या अंगावर पसरला. बर्फ आणवून मानेला, काखेत लावला. माणसं आत-बाहेर करत होती, दार सताड उघडं. मागं पडद्यावरची सपाट रेघ थरथरायला लागली. मला दिसत होती. सरांनी वळून पाहिलं नाही. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत ते बाईंना एकच विचारत राहिले, "नाव सांगा. बाई, तुमचं नाव सांगा." शेवटी बाई पुटपुटल्या, "मेल्या, म्हाईत नाय व्हय?"

सर म्हणाले, "झ्याक."

दुसऱ्या दिवशी डायरेक्टर आले.

"वक्ररेषा?"

"गेली."

"कशानं?"

"दार उघडं राहिलं."

"कुणी उघडलं?"

"मी."

डायरेक्टर बराच वेळ बोलले. सर ऐकत राहिले आणि मग पहिल्या पायरीपासून पुन्हा सुरू केलं. रेषा उशिरा आली, पण मोठ्या कॉलममधून दोन्ही पदार्थ व्यवस्थित वेगवेगळे बाहेर आले. रुक्मिणबाईही बऱ्या होऊन कामावर आल्या.

तेव्हापासून उन्हाळ्यात भर दुपारी सर मोजणी लावत नाहीत. तेवढा वेळ सफाईच्या बायका त्या खोलीत विसावतात. खायचं बाहेर, बसायचं आत, बाटल्यांना हात नाही. सर स्वतः कॉरिडॉरमध्ये स्टुलावर घामाघूम.

एकदा मी शेजारी जाऊन बसलो. "सर, डायरेक्टरांना खरं का नाही सांगितलं?"

"खरंच सांगितलं. दार उघडंच होतं."

"आणि बर्फ काखेत लावायचा, हे कसं माहीत?"

"नंतर वाचलं."

"कशानंतर?"

"माय भर उन्हाळ्यात मेंढरं घिऊन गेली होती, देवगावच्या माळावर. तिथंच पडली. लोकांना वाटलं, ताप आलाय. त्यांनी अंगावर घोंगडं टाकलं. एकावर एक, होती तेवढी." सरांनी कपाळ पुसलं. "मी इथं कॉलेजात. निरोप आला तवा प्रॅक्टिकल चालू होतं. म्हणलं, संपवून येतो."

मी काही बोलणार होतो. सरांनी दाराच्या काचेतून आत पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

"हळू, पाटील. रुक्मिणबाईंचा डोळा लागलाय."