आजचं ताजं, एकवीस दिवसांनी

प्रस्तुत प्रकरणात भांडारपालांचा अपेक्षित लाभ चाळीस तासांचा होता. आकडा हवेतला नव्हता. मुलगी पुढच्या शिक्षणासाठी परगावी जायला बरोबर आठ आठवडे उरले होते. बायको दातांच्या दवाखान्यातून साडेसातला सुटत असल्यामुळे संध्याकाळचा स्वयंपाक भांडारपालांकडे होता, आणि त्यात रोजचा दीड तास जाई. सहा दिवसांचे नऊ तास. त्याऐवजी रविवारी एकदाच चार तास राबून आठवड्याचं शिजवावं, डब्यांत भरून गोठवावं आणि रोज एक डबा काढून गरम करावा. नऊ वजा चार म्हणजे पाच. पाच आठे चाळीस. चाळीस तास आपण मुलीसमोर, मुलगी आपल्यासमोर आणि मधे बुद्धिबळाचा पट.

या हिशेबाला कारण मुलीचंच एक वाक्य झालं होतं. एका संध्याकाळी टेबलापाशी बसून ती सहज म्हणाली होती, "बाबा, मला तुम्ही आठवाल ना, ते पाठमोरेच आठवाल. शेगडीसमोर."

भांडारपालांच्या हातातला डाव तसाच राहिला होता आणि कांदा लागला होता.

इथे भांडारपालांची थोडी माहिती देणं आवश्यक आहे. पाणीपुरवठा खात्याच्या मुख्य भांडारात ते बावीस वर्षं होते आणि बावीस वर्षांत त्यांच्या साठ्यात एका खिळ्याचीही तूट आली नव्हती. याचं रहस्य साधं होतं. ते भांडारातून सहसा काही बाहेर जाऊच देत नसत. गळक्या नळासाठी फिटरने वायसर मागितला, तर तो मंजूर होऊन हातात पडेपर्यंत नळ बदललेला असे. फिटर लोक त्यांना 'तिजोरी' म्हणत. ते त्यांना कौतुकाचं वाटे.

आडवा फ्रीझर घरात आला. पहिला आठवडा दृष्ट लागावी असा गेला. सोमवारी मसुराचं सूप काढलं, गरम केलं, दहा मिनिटांत जेवण टेबलावर. जेवणानंतर डाव मांडला आणि भांडारपाल अठराव्या खेळीत हरले. मंगळवारी पुन्हा हरले. इतक्या आनंदाने हरलेला माणूस त्यांच्याकडेच राहणाऱ्या सासूबाईंनी आयुष्यात पाहिला नव्हता.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "फ्रीझर चांगला निघाला हो. माणूसही जरा वितळलाय."

दुसऱ्या आठवड्यात पहिली अनियमितता घडली. डब्यावरची शाई ओलाव्याने पुसली गेली होती. भांडारपालांनी बटाट्याचा रस्सा समजून एक डबा काढला, गरम केला आणि सगळ्यांच्या भातावर वाढला. तो शिजवलेल्या सफरचंदाचा गोड लगदा निघाला.

सासूबाईंनी दोन घास खाल्ले. "चव वाईट नाही. फक्त कशाची आहे, तेवढं कळलं असतं तर बरं झालं असतं."

मुलगी हसून हसून खुर्चीवरून पडायच्या बेतात आली. बायकोही हसली. शेवटी भांडारपालही हसले; पण ते हसणं गळ्यापर्यंतच होतं. आत कुठेतरी बावीस वर्षांचा माणूस ताठ उभा राहिला होता.

दुसऱ्याच दिवशी ओल्यात न सुटणारी लेबलं आली आणि लांबट, लाल पाठीची नोंदवही आली. डबा क्रमांक, पदार्थ, शिजल्याचा दिनांक, गोठल्याची वेळ, काढल्याचा दिनांक, काढणाऱ्याची सही, घेणाऱ्याची सही. जेवायला बसण्याआधी घरातल्या सर्वांनी सही करायची होती. मुलीने पहिल्या दिवशी घेणाऱ्याच्या रकान्यात 'पोट' असं लिहिलं. भांडारपालांनी ते खोडून पूर्ण नाव लिहायला लावलं. त्यात सूप गार झालं. गरम केलेलं दुसऱ्यांदा गरम केल्याची नोंद कुठे करायची, हा प्रश्न निघाला. त्यासाठी रकाना वाढवण्यात आला. त्या संध्याकाळी पट मांडला गेला नाही.

"उद्या नक्की," भांडारपाल म्हणाले. "आधी ही पद्धत बसू दे. एकदा बसली की मग मोकळाच आहे मी."

तिसऱ्या आठवड्यात शनिवारी त्यांनी फ्रीझरमध्ये हात घातला आणि हाताला तळ लागला. त्यांना खरोखर घाम फुटला. रिकाम्या फ्रीझरवर ओणवं होऊन घाम पुसणारा नवरा पाहून बायको धावत आली.

"अहो, काय झालं? छातीत दुखतंय का?"

"साठा संपला."

"मग संपणारच. खाल्ला ना आपण! त्यासाठीच तर केला होता."

हा विचार भांडारपालांना नवा होता. त्यांनी तो ऐकून घेतला, पण स्वीकारला नाही. भांडाराचं काम माल देणं नसून माल असणं हे आहे, ही गोष्ट घरच्यांना समजावून सांगण्यात अर्थ नव्हता. त्यांनी किमान साठ्याची मर्यादा ठरवली: एकवीस दिवसांचं जेवण कायम शिल्लक. ती मर्यादा गाठण्यासाठी शनिवारही स्वयंपाकाला लागला. तेवढ्याने भागेना, म्हणून मधल्या संध्याकाळीही दीड-दोन तास शेगडी पेटू लागली. भांडारपाल पुन्हा पाठमोरे झाले. फरक एवढाच, की पूर्वी ते आजचं जेवण शिजवत, आता पुढच्या महिन्याचं.

आणि किमान साठा म्हटला की जुनं आधी, नवं मागाहून, हा नियम ओघानेच आला. जो डबा आधी गोठला तो आधी निघणार. त्यामुळे शेगडीवर घेवड्याचा रस्सा रटरटत असे, त्याचा वास पार जिन्यापर्यंत जाई, शेजारीण "आज काय विशेष?" असं विचारून जाई, आणि घरात टेबलावर वाढलं जाई ते गेल्या आठवड्यातलं.

"जावईबापू, समोर ताजं शिजतंय आणि आम्ही शिळं खायचं?"

"शिळं नाही, आई. गोठवलेलं. हेही त्या दिवशी ताजंच होतं."

"त्या दिवशी मीही तरुण होते हो," सासूबाई म्हणाल्या आणि सही करायला चष्मा शोधू लागल्या.

पाचव्या आठवड्यात मागणीपत्र आलं. डबा पूर्ण वितळायला एक दिवस लागतो, तेव्हा उद्याची भूक आज संध्याकाळी सहापर्यंत लेखी कळवणं बंधनकारक झालं. मुलीने पहिल्या मागणीपत्रात कारणापुढे 'भूक' लिहिलं. भांडारपालांनी शेरा मारला, 'कारण मोघम आहे.' दुसऱ्या दिवशी तिने लिहिलं, 'उद्या बहुधा भूक लागेल, असा गेल्या अठरा वर्षांचा अनुभव आहे.' यावर 'मान्य' असा शेरा पडला. भांडारपालांना तिचा अभिमान वाटला. पोरगी पुढे नाव काढणार.

सहाव्या आठवड्यात प्रत्यक्ष पडताळणी झाली. उन्हाळ्याचे दिवस होते. भांडारपाल लोकरीची टोपी आणि हातमोजे घालून दोन तास फ्रीझरमध्ये कंबरेपर्यंत वाकले होते. मुलगी दारात उभी राहून म्हणाली, "बाबा, मी पट मांडलाय." आतून आवाज आला, "सतरा... अठरा... बोलू नकोस!" नोंदवहीप्रमाणे बावीस डबे हवे होते. निघाले एकवीस.

तफावत! बावीस वर्षांत पहिली. आणि तीही स्वतःच्या घरात.

भांडारपाल न्यायी होते. साठा त्यांच्या ताब्यात असल्याने त्यांनी प्रथम स्वतःलाच नोटीस बजावली आणि तीन दिवसांत लेखी खुलासा मागवला. खुलासा त्यांनी दुसऱ्याच दिवशी सादर केला. तो समाधानकारक नसल्याने त्यांनी तो फेटाळला. मग स्वतःला समक्ष बोलावून घेतलं आणि आरशासमोर चांगलं खडसावलं. बायको दात घासत हे सगळं ऐकत होती.

"अहो, तुम्ही दोघं भांडू नका," ती म्हणाली. "तो डबा कधी भरलाच गेला नाही. परवा तुम्ही लेबलं आणायला गेलात ना, तेव्हा आम्ही तिघींनी पातेल्यातूनच खाल्लं. उभ्या उभ्या, चमच्यांनी. वहीत तुम्ही आधीच लिहून गेला होतात."

"गोठायच्या आधी?"

"हो. गरम होतं."

आपल्याला कोणी बोलावलं नाही, हे भांडारपालांच्या मनात आलं. मग आपण लेबलं आणायला गेलो होतो, हेही आलं. या दोन्ही गोष्टींसाठी नोंदवहीत रकाना नव्हता. म्हणून त्यांनी एक नवा नियम तेवढा लिहिला: नोंदीपूर्वी सेवन केल्यास तो गैरप्रकार समजला जाईल. शिजवलेलं पातेलं यापुढे थेट त्यांच्या ताब्यात राहील.

आठवा आठवडा. मुलगी बुधवारी जाणार होती. शनिवारी दुपारी घेवड्याचा रस्सा शिजत होता. मुलगी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली होती. आत यायला परवानगी लागत असे.

"बाबा, मला आज हाच हवाय. आत्ताचा. गरम."

भांडारपालांचा हात खरं म्हणजे वाटीकडे गेलाच होता. पण हा डबा क्रमानुसार एकवीस दिवसांनी निघणार होता. आज एकीला दिला, तर उद्या दुसरी मागेल.

"तू अर्ज कर," ते हळूच म्हणाले. "मी बघतो."

मुलीने लेबलाच्या मागेच अर्ज लिहिला. 'मी बुधवारी जात आहे. आजचा रस्सा एकवीस दिवसांनी निघेल. तेव्हा मी इथे नसेन. तरी आज मिळावा.'

अर्ज मुद्देसूद होता. भांडारपालांनी मंजुरीसाठी लेखणी उचलली आणि थबकले. अर्जदार ही मंजूर करणाऱ्याची मुलगी होती. उघड उघड हितसंबंध! बाहेरच्या कोणाची असती, तर त्यांनी एका मिनिटात सही केली असती. स्वतःच्या मुलीला असा वशिला लावणं त्यांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी अर्ज बायकोकडे पाठवला. बायको दवाखान्यात होती. दरम्यान, शिजलेला पदार्थ थंड होताच गोठवण्याचा नियम लागू होता, तो त्यांनी पाळला.

बायको साडेसातला आली. पर्स खांद्यावर असतानाच तिने अर्ज वाचला. त्यावर लिहिलं, 'मंजूर,' आणि खाली, 'आणि तुम्हाला काही लाज?'

भांडारपालांनी डबा काढला. रस्सा दगड झाला होता. चमच्याने ठोकून पाहिलं, तर टण्ण असा आवाज आला. मुलगी ते बघत होती. त्यांना वाटलं आता ती चिडेल, आणि ती चिडली असती तर फार बरं झालं असतं. पण ती फक्त म्हणाली, "राहू दे बाबा. आम्ही कोपऱ्यावरच्या खाणावळीत जातो. तुम्हीही चला ना."

"तुम्ही व्हा पुढे. हे परत आत ठेवायला हवं. आणि उद्याचा डबा..."

तिघी गेल्या. भांडारपालांनी नोंद केली: 'अर्जदारास दिला, न वितळल्याने परत जमा.' तिचा अर्ज त्याच डब्याला चिकटवला.

बुधवारी मुलगी गेली. फ्रीझरमध्ये तेव्हा एकवीस डबे होते, सगळे चौघांच्या मापाचे. जेवणारे तिघे. वितळलेलं पुन्हा गोठवायचं नाही आणि वाया घालवायचं नाही, हे दोन्ही नियम भांडारपालांचेच. त्यामुळे उरलेला चौथा वाटा रोज त्यांनी खायचा, असं ठरलं. ठरवणारेही तेच. आधी ते आपल्या जेवणाची सही करत, मग वही जवळ ओढून मुलीच्या नावापुढे 'करिता' लिहून दुसरी सही करत आणि पुन्हा जेवायला बसत.

"दोघांचं खाताय," सासूबाई म्हणाल्या. या वेळी त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता.

तिसऱ्या शनिवारी, क्रमाने, घेवड्याचा रस्सा निघाला. साडेआठला मुलीचा फोन आला.

"बाबा, जेवलात? काय केलं होतं?"

"घेवड्याचा रस्सा."

"कुठला? तो?"

"तोच."

"कसा झाला होता?"

भांडारपालांनी खोटं बोलायचा प्रयत्न केला, पण तो जमेना. "फार चांगला झाला होता गं."

त्या रात्री त्यांनी अखेरचा ताळा मांडला. वाचलेले तास चाळीस. पैकी लेबलांत सहा, नोंदवहीत नऊ, किमान साठ्याच्या स्वयंपाकात सतरा, पडताळणीत दोन, स्वतःच्या चौकशीत चार. मुलीसमोर बसून, दोन. सगळे डाव हरलेले. बेरीज बरोबर जुळत होती. तफावत शून्य. शेवटचा रकाना होता, 'भरपाई कोणी केली'. त्यात त्यांनी आधी स्वतःचं नाव लिहिलं. मग प्रामाणिक माणसाला शोभेल असं ते एका रेघेने खोडलं आणि मुलीचं लिहिलं.

त्याखाली पुष्कळ जागा आहे. ही गोष्ट वाचत असताना मघाशी आतून तुम्हाला कोणी हाक मारली असेल आणि 'एवढं संपवून येतो' असं तुम्ही म्हणाला असाल, तर तिथे नोंद करायला हरकत नाही. तुमचं नाव लिहू नका. हाक मारणाऱ्याचं लिहा.