मिडियम जाऊ

चर्रर्र असा आवाज झाला आणि मंडपातलं बोलणं थांबलं. माझ्या नातवाचं साक्षगंध होतं, म्हणजे साखरपुडा. नवरीकडची चाळीस माणसं समोर सतरंजीवर बसली होती आणि माझी धाकटी जाऊ शेवंता त्यांच्यापुढे पेढ्यांचं ताट ठेवायला वाकली होती. तिचा पंजाबी ड्रेस काखेपासून कमरेपर्यंत उघडला. आतलं पांढरं बनियन नवरीच्या आजोबांनीसुद्धा पाहिलं, आणि त्यांना मोतीबिंदू आहे.

दुसरी बाई असती तर लाजेनं मेली असती. शेवंता तशीच वाकलेली राहिली आणि मला हळूच विचारलं, "जाऊबाई, पाहा बरं, शिलाई गेली का कापड गेलं?"

"तुही अक्कल गेली," मी म्हटलं आणि तिच्या अंगावर शाल टाकून तिला आतल्या खोलीत ओढत नेलं.

कापड गेलं होतं. ते ऐकल्यावर मात्र ती मटकन खाली बसली.

आता ही शेवंता कोण ते सांगते. आमचे नवरे सख्खे भाऊ. दोघेही गेले. राळेगाव तालुक्यातल्या आमच्या गावात आम्हा दोघींची घरं लागून आहेत. तिचं वय साठीच्या पुढे. वजन सांगत नाही, कारण तिनं ते कोणाला मोजू दिलं नाही. आशाताई काटा घेऊन आली की ही म्हणते, "तुहा काटा सरकारी हाय, त्याले काय समजते?" आमच्या वयाच्या बाया नऊवारी सोडून सहावारीत आल्या हेच पुष्कळ झालं. ही सहावारी सोडून पंजाबीत आली. आणि तोही मिडियम.

मिडियम हा शब्द ती देवाचं नाव घेतल्यासारखा घेते. ड्रेसच्या मानेतली पट्टी, जिच्यावर इंग्रजी एम असतो, ती मुद्दाम बाहेर ठेवते. एसटीत मागच्या सीटवरच्यांना वाचायला. एकदा एका पोरीनं भल्या मनानं ती पट्टी आत सरकवली, तर हिनं परत बाहेर ओढली. "राहू दे वं. हवा लागते तिले."

मी चौथीपर्यंत शिकले, पण एम मला वाचता येतो. त्या एमच्या आत काय कोंबलं आहे तेही दिसतं.

राळेगावला रशीदभाई टेलर आहे. आता कापड घेऊन शिवायला कोण जातं? सगळे रेडिमेड घेतात आणि रशीदभाईकडे कापायला आणतात. बाही आखूड कर, कंबर आवळ, पाय चार बोटं काप. अख्ख्या तालुक्याचे कपडे त्याच्याकडे लहान व्हायला येतात. एकटी शेवंता मोठे करायला आणते.

"चाची," तो हात जोडतो, "कमी कराचं तं पाच मिनिटाचं काम. वाढवाले मी काय जादूगर हाय? रेडिमेडमंदी माया नसते."

माया म्हणजे शिलाईच्या आत दुमडून ठेवलेलं जास्तीचं कापड. गावचा शिंपी दोन बोटं तरी ठेवतो, उद्या अंग सुटलं तर उसवून वाढवता यावं म्हणून. कंपनी सुतभरही ठेवत नाही. तुम्ही सुटा नाहीतर फुटा, कंपनीला काय?

"मंग ओढणी काप," शेवंता म्हणते.

अशा तिच्या सगळ्या ओढण्या तिच्या काखेत गेल्या. दोन्ही बाजूंना उभे जोड. समोरून मिडियम, बाजूनं गोधडी. मी शंभरदा सांगितलं, "एक्सेल घे नं वं बाई. दुकानात टांगून असते. कायले ठिगळं लावत बसतं?"

"मले नाई येत एक्सेल. ढिला होते."

ढिला! एवढं धडधडीत खोटं तर मतं मागायला येणारेही बोलत नाहीत. मला वाटायचं, बाई म्हातारपणी नटवी झाली. तसं मी चार घरी सांगूनही आले. साक्षगंधाच्या आदल्या दिवशी तिला बजावलं होतं, उद्या लुगडं नेस. तिनं मोरपंखी रंगाचा नवा ड्रेस दाखवला. "उद्या तं हाच." पुढे त्याचं काय झालं ते सांगितलंच.

तर ती आतल्या खोलीत फाटकी बाजू मुठीत धरून बसली होती. बाहेर पंगत बसत होती. मी पेटीतून माझं लुगडं काढत होते, तेवढ्यात तिचा मोबाइल वाजला. तोंड दिसणारा फोन होता. तिनं तो इतका जवळ धरला की पलीकडच्याला नाक आणि डोळेच दिसावेत.

"आई, झालं का साक्षगंध? घातला का तू?"

अकरा वर्षांनी ऐकला, तरी आवाज मी ओळखला. रूपाली. शेवंताची एकुलती एक पोरगी. दुसऱ्या जातीच्या मुलाशी लग्न करून पुण्याला गेली, तेव्हापासून आमच्या दोन्ही घरांत तिचं नाव घेत नाहीत.

"घातला नं. अंगावर शिवल्यासारखा बसला."

"उभी राहून दाखव ना. पूर्ण दाखव."

"लाइट गेली वं."

"आई, दुपारचे दोन वाजले. लाइट कायले पाहिजे?"

"आमची दुपारची बी जाते."

"माप बरोबर आहे ना? का मोठा पाठवू?"

"मिडियमच. तुह्याएवढंच."

पोरगी जराशी थांबली. "हो," म्हणाली. शेवंतानं पंगतीचं कारण सांगून फोन बंद केला.

"म्हंजे हे तुले ती पाठवते," मी म्हटलं.

"रशीदभाईच्या पत्त्यावर येते पार्सल."

"आन खोटं काहून बोलतं? सांग नं तिले, माय एक्सेलच्या बी पुढं गेली."

"जाऊबाई, ती गेली तवा आमचं दोघीचं माप एकच होतं. माह्यासाठी घेते नं, तं आंधी सोता घालून पाहते. तिले बसला की मले बसला. एक्सेल सांगतलं तं ती कोणाच्या अंगावर पाहीन? घडी उचलून तशीच पाठवून देईन." मग म्हणाली, "भाच्याच्या साक्षगंधाले तिले येता नाई आलं. हा तिच्या अंगाचा होऊन आलता."

रूपालीला उंबऱ्यात घ्यायचं नाही, हे आमच्या नवऱ्यांनी ठरवलं असं गावात म्हणतात. ते नंतर बोलले. आधी मी बोलले होते, ओसरीत उभी राहून, चार माणसांत. थोरलीचा शब्द म्हणून तो राहिला. नवरे गेले तरी राहिला. शेवंतानं मला कधी विचारलं नाही आणि मी होऊन तो उचलला नाही.

"फोन लाव," मी म्हटलं.

"काहून?"

"लाव म्हटलं नं."

रूपालीनं मला पाहिलं आणि फोन जवळ ओढला. म्हणाली, "मोठी माय?"

"हाव. ऐक. ड्रेस फाटला. तुह्या मायले मिडियम कितीक वर्सापासून नाई होत, ती तुले बनवून राह्यली. हे पाह्य." मी फोन लांब धरून शेवंता अख्खी दाखवली. जोड, बनियन, फाटकी बाजू, सगळी. शेवंतानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. झाकायला पाहिजे होतं दुसरंच.

"आता अंदाजानं पाठवू नोको," मी रूपालीला म्हटलं. "घरी ये आन माप घेऊन जाय."

फोन ठेवला तर शेवंता माझ्या अंगावर आली. "तुमाले कोनं सांगतलं होतं? माह्याजवळ तेवढंच होतं, तेबी घालवलं!"

नऊ दिवस ती माझ्याशी बोलली नाही. दहाव्या दिवशी राळेगावच्या गाडीतून रूपाली उतरली. तीही मिडियम राहिलेली नव्हती. चांगली गोल झाली होती, मायवर गेलेली. दोघी एकमेकींकडे वरून खाली पाहत रस्त्यातच उभ्या राहिल्या.

"मंग तू दुकानात घालून कायचं पाहत होती?" शेवंतानं विचारलं.

"घालतच होती," रूपाली म्हणाली. "खांद्याखाली जात नव्हता. तेवढाच घालत होती."

लोक म्हणतात, मी मन मोठं केलं. काही मोठं केलं नाही. ती अकरा वर्षं त्या दोघींनी काढली. मी फक्त बोलले होते.