होडीसाठी राखलेली जागा

भिलाईच्या रुआबांध्यातल्या आमच्या गल्लीत एका फाटकावर पाटी आहे : ‘येथे होडी लागते. गाडी लावू नये.’ समुद्र इथून आगगाडीने अख्ख्या रात्रीपेक्षाही लांब. गल्लीत पावसाचं पाणी साचतं, तेही घोट्याएवढं. पण त्या फाटकाआत, ढोबळेकाकांच्या अंगणातल्या कडुलिंबाखाली मी एकदा स्कूटी लावली, तर काका बनियनवरच धावत आले.

“बाई, कावून लावली इथं? उद्या जवाई होडी घेऊन आला त मी कुठं ठेवू?”

काका मूळचे वर्ध्याकडचे. उभा जन्म इथल्या पोलाद कारखान्यात गेला, कॅपिटल रिपेअरच्या प्लॅनिंगमध्ये. म्हणजे भट्टी थंड करून मोठी दुरुस्ती काढायची, तर आधी काय उचलायचं आणि मग काय, हे ठरवण्यात. निवृत्त झाले, काकू गेल्या, पण प्लॅनिंग काही सुटलं नाही. साधा चहा टाकायचा तरी “पहिले सिक्वेन्स पाह्यजे.” माझ्या नवऱ्याने पंखा पुसायला घेतला, तर खिडकीतून ओरडले, “शटडाऊन घेतला का?”

त्यांची एकुलती एक लेक वर्षा कोकणात, खाडीकाठच्या गावात दिली आहे. अलीकडे उधाणाचं पाणी तिच्या परसात शिरू लागलं, विहीर मचूळ झाली, आणि गाव कुठे हलवायचं याच्या बैठका सुरू झाल्या. झालं! काकांना काम मिळालं.

पहिला प्लॅन सरळ होता : अख्खं गाव भिलाईला. वर्षाने बैठकीत फोन मधोमध ठेवला आणि काकांनी ठणकावून सांगितलं, “इकडं या सगळे. समुद्राचा काहीच तरास नाही!”

पलीकडून एका म्हातारीचा आवाज आला, “आणि मासळी खंय गावतली?”

काका विचारात पडले. घरात कधी अंडंही न आणलेला हा माणूस दुसऱ्या दिवशी मला विचारतो, “बाई, शिवनाथ नदीच्या मासोळ्यांवर भागन का त्यांचं?”

नाहीच भागणार, हे पटल्यावर त्यांनी ते गाव आपल्या गच्चीवर खडूने आखलं. संध्याकाळी ऊन कलतं, कारखान्याची घरघर दुरून येत राहते, आणि काका त्या गावातून अनवाणी हिंडत असतात. “हे वर्षाचं मागचं दार. हा माड. इकडून वारा येते.” डोळे अर्धवट मिटलेले. एकदा मी चुकून चपला घालून देवळातून गेले, तर केवढे रागावले! खरं सांगते, तिथे जरा वेळ बसलं की मलाही ती घरघर लाटांची वाटू लागते आणि खाली उतरून कुकर लावणं जिवावर येतं.

तिकडे बैठक अडली होती. वर सड्यावर, म्हणजे टेकडीच्या सपाट माथ्यावर, जागा होती. पण पहिलं घर बांधणार कोण? जो तो म्हणे, तुम्ही व्हा पुढे. या वेळी काका फोनवर हळू बोलले.

“म्या एकदा शिमग्यात पाह्यलं, तुमची पालखी घरोघर जाते. या साली तिले सड्यावर न्या. ज्याची जागा जिथं, तिथं थांबवा. देवी जाऊन आली का मंग मानसाले भेव नाही. पन वर पहिले पानी, मंग घरं. हा सिक्वेन्स नका मोडू.”

गावाला पटलं. शिमग्यात पालखी सड्यावर चढली. परवा वर्षाचा फोन आला : पाण्याची टाकी झाली, घराचा पाया पडला. “बाबा, आता आमाले गाव सोडायची गरज नाही!” काका “शाब्बास” म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

मी पेढे मागायला गेले, तर काका स्वयंपाकघरात नुसतेच उभे. गॅस पेटवलेला, वर भांडं नाही.

“काका, इतकं चांगलं झालं, अन् तोंड कावून उतरलं?”

त्यांनी गॅस बंद केला. मग म्हणाले, “कोनाले सांगू नको बाई. पानी चढलं म्हनून तिचा फोन आला का मले आतून बरं वाटे. वाटे, आता येईन पोरगी घरी. अशी वाट कोनता बाप पाह्यते?”

मी विचारलं, “मग ही युक्ती सांगितली कावून?”

“तिले समुद्र दिसल्याबिगर जेवन जात नाही,” काका म्हणाले. “इथं आली असती त उपाशी राह्यली असती.”