काळ्या पेटीचे आगमन व थोरल्या धन्यांचा पखवाज

श्रीकुळस्वामिनी प्रसन्न. जिने मेघांचे पोटी गर्जना घातली तीस नमन करोन हे वर्तमान लिहिले असे. शके एकोणीसशें सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, आणि तैसाच क्रोध आऊसाहेब चिमाबाई यांचे मस्तकी चढिला. कारण की सूनबाई ऋतुजा यांनी रीत सोडिली. थोरल्या धन्यांचे आसनावर बाजारची काळी पेटी बैसविली आणि आपण पदर खोचोन, भर बैठकीत, भिंतीकडेने रांगत चालिल्या. आऊसाहेब बोलिल्या, “अगं, तान्हं मूल का तू? धनी उभे आणि खोकं खुर्चीत!” सूनबाई रांगतांच बोलिल्या, “आई, जरा गप्प बसा, ऐकतेय.” सासूस गप्प बसा म्हणणारी या राज्यात आजवर जन्मली नव्हती.

त्याचे मूळ ऐसे. थोरले धनी विठोजीराव तारुण्यात डाव्या पुडीस घुमाऱ्यासाठी ओली कणीक थापोन पखवाज वाजवीत तेव्हां देवळाचे खांब घुमत. पुढे कान गेले. बारीक आवाज मुळींच पोहोचेना, यंत्र कानी घातले तें किरकिरते म्हणोन फेकिले, आणि मग माणसांत बसणेंच सोडिले. पलंग आणि भिंत, इतकेच त्यांचे राज्य उरले. आऊसाहेब वरून म्हणत, “बरं झालं, कटकट नाही,” आणि आंतून झुरत. तों चिरंजीव उदाजीराव यांनी भिंतीएवढा टीव्ही आणिला आणि पडद्यास शोभतील ऐसे सडसडीत स्पीकर घेऊं म्हणाले. सूनबाई बोलिल्या, “शोभा नको, बास हवा. बाबांना जाड आवाज अजून कळतो. दार आपटलं की वळून बघतात.” ही गोष्ट घरांत कोणी ध्यानी घेतली नव्हती, खुद्द आऊसाहेबांनीही नाही.

मग सासूसुना बाजारी स्वारी करित्या जाहल्या. दुकानदाराने सिनेमांतील धडाके लावोन दुकान हालविले. सूनबाईंनी हात वर केला आणि धन्यांचा जुना पखवाज, उत्सवांत कोणी कॅसेटीवर धरिला होता तो, फोनांतून लावविला. पहिली स्पीकरची पेटी टपटप करूं लागली, जैसे पत्र्यावर चिंचोके. दुसरी प्रत्येक थापेस एकच बुंग काढी, जैसा मडक्यांत भुंगा. तिसरी थोराड, रूपाने कोठीच, परंतु डाव्या हाताची थाप पडतांच घुमारा जमिनींतून तळपायी आला. वांगें दाबोन घ्यावे तैसी सूनबाईंची पारख पाहोन आऊसाहेब मनांत डोलल्या. दुकानदार म्हणाला, “ताई, शेजारी भांडायला येतील.” सूनबाई म्हणाल्या, “येऊ देत. सासरे माझे आहेत, त्यांचे नव्हेत.”

पेटी घरी आली आणि आऊसाहेबांनी चूक केली. पेटीवर भरतकामाचा रुमाल, रुमालावर माहेरचा पितळी गडवा, आणि ऐसी नटवोन ती कोनाड्यांत कोंबिली. वाजवितां गडवा थडथडला, आवाज गढूळ जाहला, धन्यांनी हात झाडिला आणि पलंगाकडे निघाले. तेव्हां सूनबाईंनी त्यांस थांबविले आणि तो रांगण्याचा प्रकार मांडिला. ऐकणाराचे जागी पेटी ठेवावी, आणि रांगत जेथे घुमारा स्वच्छ लागेल तेथे पेटीस कायमची जागा द्यावी, ऐसी त्या विद्येची युक्ती. जागा सांपडली ती नेमकी आऊसाहेबांचे माहेरच्या भांड्यांचे कपाटाखालीं. उदाजीराव भयेंकरोन छताकडे पाहूं लागले. आऊसाहेबांनी घंगाळें, समया, तपेलीं आपुले हातें उतरविलीं आणि कपाट ओढविले.

मग धनी आसनी बैसले आणि पखवाज सुरू जाहला. प्रथम कांही नाही. मग तळवा खुर्चीचे हातावर टेकला, मग बोटें हालूं लागली, आणि कपाळास आठी पडली. धनी मोठ्याने बोलिले, “कोण वाजवतोय हा? डाव्याला कणीक कमी लावलीय!”

“तुम्हीच की वो!” आऊसाहेब ओरडल्या.

“मग बरोबर लावली असेल,” धनी म्हणाले, आणि उठले नाहीत.

येणेंप्रमाणे काळ्या पेटीने गेलेला धनी बैठकीत परत आणिला, आणि ज्या मुलीने हे केले तीस आऊसाहेबांनी सर्वांदेखत सांगितले, “ऋतुजा, रीतभात तुला नाही ती नाहीच. पण या घरात ऐकू येणारी तू एकटीच. वाढव आवाज.”